शब्दचर्चा : वटवट्या आणि पर्णवटवट्या

शब्दवेडी : ‘वटवट्या’ या पक्ष्याच्या नावातला ‘वट’ म्हणजे वड का? आणि रानातल्या हिरवट, चिमुकल्या वटवट्याच्या नावात ‘पर्ण’ कशासाठी?

माळकरी : वडाशी संबंध नाही, हा ‘वट’ वटवट करण्यातला. राखी वटवट्या झुडपाच्या शेंड्यावर बसून तेच ते बोल किती वेळ आळवतो, ते ऐकलं की नाव पटतं. पर्णवटवट्या त्याचा सख्खा नव्हे. शास्त्रात दोघांची कुळंही वेगळी.

सावंतवाडीकर : ‘पर्ण’ अगदी चपखल आहे. हिरवट पर्णवटवट्या जेमतेम दहा सेंटिमीटरचा. उन्हाळ्यात हिमालयात किंवा त्याहून उत्तरेला वीण, आणि साधारण सप्टेंबर ते एप्रिल आपल्याकडे मुक्काम. आमच्याकडे आंबा-फणसाच्या दाट पाल्यात तो दिसण्याआधी ऐकू येतो : ‘चि-वीट’, बस्स एवढंच. हिवाळ्यात प्रत्येकाचा इलाका ठरलेला असतो आणि तो राखायला दिवसभर ही हाक चालू असते. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘फायलोस्कोपस’चा अर्थही ‘पानं न्याहाळणारा’ असाच, आणि काम तेच : पान उलटसुलट बघायचं, खालच्या बाजूची अळी, कोळी उचलायचा, पुढच्या डहाळीवर उडी.

शब्दवेडी : मग तो किडे ‘वेचतो’ म्हणावं की ‘टिपतो’?

सावंतवाडीकर : ‘टिपतो’. वेचायला वस्तू खाली पडलेली किंवा विखुरलेली लागते : फुलं, शेंगा, सरपण. टिपण्यात नेम आणि चोचीची चपळाई आली. कधी तो पानासमोर क्षणभर हवेतच फडफडत किडा उचलतो, तिथे तर ‘वेचतो’ अगदीच मंद वाटतं.

माळकरी : लिहिताना ‘पर्णवटवट्या’ जोडून लिहा, सामासिक शब्द आहे. ‘हिरवट’ मात्र सुटं.

शब्दवेडी : ‘हिरवा’ लिहिलं तर चालेल?

सावंतवाडीकर : नाही, कृपया नको. हिरवा पर्णवटवट्या हा वेगळा पक्षी आहे. त्याची वीण कॉकेशसकडे, हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. चेहरा आणि पोट जास्त पिवळं. पक्षीनोंदीत ‘ट’ गळला की जातच बदलते.