नंबर नाही, ट्यूब बघा
ऑटिस्टिक माणसाला बारीकसारीक दिसतं, पण समोरचं अख्खं चित्र चटकन दिसत नाही आणि डोळे दुखतात, तर "चष्म्याचा नंबर तपासा", हा सल्ला मला पटला नाही. माझा भाऊ ऑटिस्टिक, वय ३४. लातूरच्या मोंढ्यात आमची आडत. मूठभर तुरीतला परक्या वाणाचा दाणा तो बसल्या जागी दाखवतो. आईने साडी बदलली की गर्दीत ती मात्र त्याला पटकन सापडत नाही. ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं: आधी तपशील, मग अख्खं चित्र. पुढे त्यात दुरुस्ती झाली, सांगितलं तर अख्खंही दिसतं, नजर आपसूक तिकडे वळत नाही इतकंच.

डोळे दुखण्यामागचा खरा घोळ दुकानातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा होता. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तो डोळे दुखतात म्हणायचा, आम्ही नाटकं समजायचो (मीच जास्त). आता तो दाराजवळ, उजेडात बसतो.