कॅम्पर व्हॅनचा रिकॉल, ईएससी सॉफ्टवेअर आणि गणपतीचा प्रवास: सल्ला हवा

सिंहगड_पायथा (धागाकर्ता)
नमस्कार. आमची 2022 सालची डिझेल व्हॅन आम्ही पुण्यातच एका बॉडीवाल्याकडून कॅम्पर करून घेतली आहे. आत दोन बर्थ, छोटा ओटा, मागच्या उजव्या कोपऱ्यात 100 लिटरची पाण्याची टाकी आणि टपावर सोलर पॅनेल आहे. गेल्या सोमवारी कंपनीचे पत्र आले. गाडीच्या स्थिरता नियंत्रणाच्या, म्हणजे ईएससीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष असून काही परिस्थितीत गरज नसताना एखाद्या चाकाला ब्रेक लागू शकतो, तेव्हा गाडी आणून सॉफ्टवेअर विनामूल्य बदलून घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. सर्व्हिस सेंटरने मात्र गणेशोत्सवानंतरची तारीख दिली. आम्हाला चतुर्थीच्या दोन दिवस आधी उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाटमार्गे गुहागरला पोहोचायचे आहे आणि सोबत 78 वर्षांची आई आहे. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागलेला नाही. गाडी न्यावी का, आणि चाकांचे कोन जुळवण्याचे काम, म्हणजे अलाइनमेंट, वगैरे मिळून आठ हजारांपर्यंत खर्चाची तयारी असताना आणखी काय तपासून घ्यावे?

घाटवेडा_बावधन
मलाही असेच पत्र आले होते आणि त्यानंतर मी गाडी गोव्यापर्यंत नेऊन आणली, काहीही झाले नाही. दिवा लागत नाही तोवर निश्चिंत राहा. खरा प्रश्न टायरचा असतो. मी चारही टायर एकदम बदलले, साठ हजारांच्या घरात खर्च आला, पण पावसात ताम्हिणी उतरताना गाडी जी चिकटून चालते, तिला तोड नाही. आधी टायर घ्या.

चाकण_दुसरी_पाळी
दिवा लागला नाही हा दिलासा धरू नका. चार चाकांचे वेग, स्टिअरिंग किती वळवले, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे, हे ईएससी सतत मोजत असते. चालकाला जायचे आहे ती दिशा आणि गाडी जाते आहे ती दिशा यांत फरक पडला, की ते एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते आणि इंजिनचा जोरही कमी करते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरले जाते, आणि गाडी वळायला तयार नसेल तर आतल्या बाजूचे मागचे. सेन्सर तुटला तर यंत्रणेला ते कळते आणि दिवा लागतो. परंतु हिशेबच चुकीचा लिहिलेला असेल, तर यंत्रणेच्या दृष्टीने सारे बरोबरच चाललेले असते आणि ती शांतपणे चुकीच्या चाकाला ब्रेक लावते.

सदाशिव_निवृत्त
आम्ही मॅटाडोर घेऊन वर्षानुवर्षे महाबळेश्वर आणि आंबोली केली, तेव्हा यातले काहीही नव्हते आणि एकदाही गाडी घसरली नाही. माझ्या मते ईएससीचा फ्यूज काढून ठेवावा आणि चाळीसच्या वेगाने जावे. दोष असलेली मदत घेण्यापेक्षा मदत नसलेली बरी.

चाकण_दुसरी_पाळी
काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण कृपा करून फ्यूज काढण्याचा सल्ला कोणाला देऊ नका. बहुतेक गाड्यांत एबीएस आणि ईएससी यांचे हायड्रॉलिक युनिट एकच असते. फ्यूज काढला की ओल्या उतारावर चाके लॉक होऊ न देणारी ही एबीएस यंत्रणाही जाते. उंच गाडीला ईएससीची गरज किती असते, हे 1997 साली स्वीडनमध्ये मर्सिडीजची ए-क्लास अचानक दिशा बदलण्याच्या चाचणीत उलटली तेव्हा जगाने पाहिले. त्यानंतर कंपनीने त्या प्रत्येक गाडीला ही यंत्रणा बसवली. कॅम्पर तर तिच्याहून कितीतरी उंच आणि जड असते.

खंबाटकीचा_धडा
माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण वजनाबद्दल येथे अजून कोणीच बोललेले नाही. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे दुहेरी वळण लागते, तेथे माझी कॅम्पर दुसऱ्या वळणात बाहेर ओढली गेली. पायाखालून एबीएसच्या पंपाचा घर्रर्र आवाज आला, घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला आणि एका बाजूने कोणी कॉलर धरावी तशी गाडी जागेवर आली. ओट्यावरचा कुकर दारापर्यंत गेला होता. मी यंत्रणेला दोष देत घरी आलो. नंतर वजनकाट्यावर गाडी नेली तेव्हा समजले, की मान्य वजनापेक्षा 110 किलो जास्त भरले होते आणि टपावरचे लोखंडी कॅरिअर व एसी यांमुळे गुरुत्वमध्य वर गेला होता. गाडी किती जड आणि किती उंच असेल, हे गृहीत धरूनच ईएससीचे सॉफ्टवेअर बसवलेले असते. बॉडीवाल्याने त्यापुढे जाऊन काम केले असेल, तर नवे सॉफ्टवेअर टाकूनही फरक उरणारच. काट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त उजवी चाके आणि मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने घ्या. तुमच्या आठ हजारांतले फार थोडे पैसे त्यात जातील.

विमाननगर_वकील
तारखेबाबत गप्प बसू नका. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले आणि वाहन परत बोलावण्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. उत्पादनापासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत होऊ शकतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि कॅम्परची नोंद आरसीवर करून घेतली आहे ना? नसेल तर विमा कंपनी हात वर करील.

घाटवेडा_बावधन
तो दंड सरकारने सक्तीने परत बोलावलेल्या गाड्यांसंबंधी आहे, आणि येथे कंपनीने स्वतःहून पत्र पाठवले आहे. शिवाय आरसीचा प्रश्न धागाकर्त्याने विचारलेलाच नाही.

विमाननगर_वकील
विचारलेला नसला तरी अपघातानंतर तोच पहिला विचारला जातो. पत्र स्वतःहून आलेले असले तरी लेखी मागणी करण्यात तोटा काहीच नाही.

हिंजवडी_वीकेंड
वर सांगितले गेलेच आहे, टायर उत्तम हवेत. मी मागच्या महिन्यात मोठ्या मापाचे घेतले, गाडी रुबाबदार दिसते.

चाकण_दुसरी_पाळी
मोठ्या मापाचे टायर घातल्यास चाकाच्या वेगाचा हिशेब बदलतो आणि ईएससीला चुकीची माहिती जाते. कंपनीचेच माप ठेवावे.

वायरमन_भोसरी
माझे काम गाड्यांच्या वायरिंगचे आहे, म्हणून एवढेच सांगतो. सॉफ्टवेअर चढवताना बॅटरीचा दाब पडला तर कंट्रोल युनिट निकामी होऊ शकते. त्या दिवशी इन्व्हर्टर, फ्रिज आणि सोलरची जोडणी आधी बंद करा आणि तेथे बॅटरीला दाब टिकवणारा सपोर्ट चार्जर लावायला सांगा. आतल्या दिव्यांसाठी बॉडीवाल्याने मूळ फ्यूज बॉक्समधून तार घेतली असेल, तर ती आधी वेगळी करून घ्या. अशा तारा मी दर महिन्याला काढतो. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग किती वळले ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायचा असतो, तो आणल्याची नोंद आणि सॉफ्टवेअरचा जुना व नवा क्रमांक जॉब कार्डावर लिहून घ्या.

खंबाटकीचा_धडा
भोसरीकरांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. टाकी रिकामी ठेवून, टपावर काही न लादता आणि दिवसाउजेडी निघालात, तर मला वाटते आपण सुखरूप जाऊन याल.

सिंहगड_पायथा (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. काहींनी गाडी न्यायला हरकत नाही असे सांगितले आहे, तरी मी गाडी न्यायची नाही असे ठरवले. कुंभार्लीच्या उतारावर, पावसात आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या शेजारी चाक आपोआप धरले गेले तर मला काय करता येईल, याचे उत्तर मला सापडले नाही आणि मागे आई बसलेली असेल. स्वारगेटहून एसटीची तिकिटे काढली आहेत. आईला बर्थवर आडवे होता येणार नाही, म्हणून ती थोडी नाराज आहे.

घाटवेडा_बावधन
एवढी घाबरण्यासारखी गोष्ट नव्हती, असे माझे अजूनही मत आहे. पण प्रवास सुखाचा होवो.

सिंहगड_पायथा (धागाकर्ता)
परत आल्यावरचा वृत्तान्त देतो. दिलेल्या तारखेला सॉफ्टवेअर बदलून झाले, सपोर्ट चार्जर मी मागितल्यावर लावला गेला आणि दोन्ही क्रमांक जॉब कार्डावर आहेत. अलाइनमेंट आणि सेन्सरचे काम धरून खर्च आठ हजारांच्या आत राहिला. फ्यूज बॉक्समध्ये बॉडीवाल्याची एक तार निघाली, ती वेगळी केली. काट्यावर एकूण वजन मर्यादेत भरले, मात्र टाकी भरलेली असताना उजवी बाजू डावीपेक्षा 140 किलोंनी जड आहे. टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये घेण्यासाठी गाडी पुढच्या आठवड्यात बॉडीवाल्याकडे जाईल, तोपर्यंत टाकी रिकामीच ठेवली आहे.