‘हिकरी’ला मराठीत काय लिहावं?

अनुवादवाली
अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका खेड्यावरची कादंबरी मराठीत करतेय. काळ १८३० च्या आसपासचा. त्यात हिकरी पावलोपावली येते: कुऱ्हाडीचा दांडा हिकरीचा, मुलं फोडतात ती फळं हिकरीची, डुकराचं मांस हिकरीच्या धुरावर. कोशात ‘अक्रोडाच्या जातीचे एक झाड’ एवढ्यावर बोळवण केलीय. ‘रानअक्रोड’ चालेल का? आणि लिंग कोणतं धरू?

पानगळ
रानअक्रोड नकोच. दोघांचं कूळ एक हे खरं, पण टेनेसीच्या त्याच रानात काळा अक्रोडही उगवतो. पुढच्या प्रकरणात तो आला की त्याला काय म्हणाल?

ओळखायला अवघड नाहीत. हिकरीचं फळ पिकलं की वरची जाड साल चार फाकांत उकलते आणि आतली पांढुरकी बी मोकळी होते. अक्रोडाची साल अशी उकलत नाही, ती फळावरच कुजून काळी पडते आणि सोलणाऱ्याचे हातही काळे करते. डहाळी उभी चिरली तर अक्रोडाच्या गाभ्यात बारीक कप्पे दिसतात, हिकरीचा गाभा भरीव. शॅगबार्क नावाच्या जातीचा बुंधा तर लांबूनच कळतो. सालीचे हातभर पट्टे सुटून लोंबत असतात. बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतल्या, थोड्या चीन-व्हिएतनामकडच्या. आपल्याकडे सुक्यामेव्याच्या दुकानात पेकन मिळतो, तोही हिकरीच. म्हणजे फळ आपण खातो, नाव तेवढं ओळखीचं नाही.

हा शब्द मुळात झाडाचा नव्हेच, पेयाचा. व्हर्जिनियातले पोहॅटन हे मूळनिवासी लोक या बिया कुटून पाण्यात कालवत आणि त्या दुधाला ‘पॉकोहिकोरा’च्या जवळपासचं काहीतरी म्हणत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन जॉन स्मिथने ते कानाला लागलं तसं लिहून घेतलं. इंग्रजांनी सुरुवातीचा भाग गाळला, उरलेला झाडाला चिकटवला.

कुटायचं कारण साधं आहे. कवच दगडासारखं, आणि गर आतल्या पडद्यांत असा अडकलेला की सुईने टोकरत बसावं लागतं. घरभर माणसांना पुरेल एवढा गर तसा कोण काढणार? म्हणून कवचासकट ठेचायचं आणि उकळत्या पाण्यात टाकायचं. कवचाचे तुकडे तळाशी बसतात, तेलकट साय वर येते, मग गाळून घ्यायचं. आपण नारळाचा रस काढतो तसंच, फक्त करवंटीही सोबत कुटलेली. १७७० च्या दशकात अमेरिकेच्या आग्नेय भागात फिरलेल्या विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाने या दुधाची गोडी ताज्या सायीसारखी असल्याचं लिहिलंय. तिथले मूळनिवासी क्रीक लोक ते मक्याच्या कण्यांत आणि भाकऱ्यांत घालत. चेरोकी लोक कुटलेल्या गराचे गोळे करून ठेवतात आणि लागेल तसे उकळून ‘कनुची’ करतात, ती आजही होते. तुमची कादंबरी टेनेसीतली आणि काळ चेरोकींना तिथून हाकलण्याच्या जरा आधीचा, तेव्हा कुठे ‘हिकरीचं दूध’ आलं तर ते चुकून बदामाचं करू नका.

रंधा
लाकडाबद्दल. दांड्याला नुसतं कठीण लाकूड चालत नाही. घाव बसला की हिसका पोटात घेणारं, न तडकता लवणारं लागतं. हिकरीत दोन्ही आहे. म्हणून ती कुऱ्हाडी-हातोड्यांत, गाड्यांच्या आऱ्यांत, ड्रमच्या काड्यांत गेली. गोल्फच्या काठ्याही हिकरीच्याच असत, १९२० च्या दशकात पोलादी दांड्यांना मान्यता मिळेपर्यंत. पांढरं लाकूड चांगलं, लालसर वाईट असा तिकडे जुना समज होता. चाचण्यांत सारख्या वजनाची दोन्ही सारखीच भरली. मातीत-पाण्यात मात्र ती टिकत नाही, लवकर कुजते. कुंपणाचे खांब तिचे दाखवू नका.

आपल्याकडे त्या कामाला धामण नावाचं झाड. कावडीची काठी, अवजारांचे दांडे तिचेच.

अनुवादवाली
मग ‘धामणीचा दांडा’ लिहू?

रंधा
लिहाल तर टेनेसीत सह्याद्री उगवेल. शिवाय शहरी वाचकाला धामण म्हणजे सापच. ‘हिकरीचा चिवट दांडा’ लिहा, अर्थ पोचतो.

चुलीजवळ
धुराच्या वाक्यात ‘धुंगार’ लिहायचा मोह होईल, टाळा. धुंगार म्हणजे निखाऱ्यावर तूप सोडून झाकण ठेवलं, दोन मिनिटांत काम झालं. तिथे मांस धुरात तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस टांगून ठेवतात. चव हवी तितकंच टिकणंही हवं. ‘धुरी दिली’ही नको, बाळंतिणीची खोली आठवते. ‘हिकरीच्या धुरात मुरवलेलं’ बघा.

पानगळ
आणखी एक. त्या काळात ‘ओल्ड हिकरी’ हमखास येईल. ते झाड नव्हे, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला सेनानी अँड्र्यू जॅक्सन. १८१३ मध्ये नॅचेझहून टेनेसीला परतताना त्याने घोडे आजाऱ्यांना दिले आणि स्वतः पायी चालला. हिकरीसारखा चिवट म्हणून सैनिकांनी हे नाव दिलं. तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता, त्यामुळे ‘म्हातारी हिकरी’ करू नका. तसंच ठेवून पहिल्यांदा खुलाशाचं अर्धं वाक्य जोडा.

लिंगाचं म्हणाल तर स्त्रीलिंगच. कोकणात पोफळी, नारळी, जांभळी म्हणतात, त्या रांगेत ‘ती हिकरी’ आपोआप बसते. फळाला वेगळं नाव शोधू नका, ‘हिकरीची फळं’ पुरे. अनेकवचन ‘हिकऱ्या’: ‘ओढ्यापलीकडच्या हिकऱ्या’.

अनुवादवाली
‘हिकऱ्या’ घेतलं. काळा अक्रोड खरंच आहे, नवव्या प्रकरणात, न्यायाधीशाच्या टेबलाला.