मदत हवी आहे: बेटिंग लिमिटमध्ये कसं ठेवायचं? (ज्ञान नको, उपाय सांगा)

रामबागचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. महिन्याला ३ हजाराचं लिमिट ठरवलंय, डायरीत लिहिलंय, फोनच्या वॉलपेपरवर पण टाकलंय, तरी दुसऱ्याच आठवड्यात पार होतं. मॅच चालू असताना हात थांबत नाही. वर्षानुवर्षं शिस्तीत खेळणारे लोक असतातच ना, त्यांची काहीतरी ट्रिक असेल ती सांगा. जुगार वाईट, बंद कर वगैरे लिहायचं असेल तर प्लीज दुसऱ्या धाग्यावर जा, ते घरी आई रोज ऐकवते. शनिवारी मॅच आहे, त्याआधी उत्तर हवंय.

जिरावण_मारके:
भिया, कुठे लावता ते तर लिहा. ॲप, आयडी (बुकीने दिलेलं बेटिंगचं खातं), की कोपऱ्यावरचा माणूस? ३ हजार म्हणजे पगाराच्या किती? पार होतं म्हणजे ४ होतात की १४?

हिशोबनीस:
एक गोष्ट लोक विसरतात. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, वर सेस, तुमचा स्लॅब काही असो. आणि हरलेले पैसे पगारातून वजा करता येत नाहीत. रिटर्नमध्ये दाखवता का?

रामबागचा_पोरगा:
साहेब, जिंकलो तर टॅक्स ना. @जिरावण, आयडी आहे, व्हॉट्सॲपवर घेतलेली. क्रिकेटच, दुसरं काही नाही.

लीड्सवाला_इंदोरी:
मी ११ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इकडे बेटिंग कायदेशीर आहे आणि सोय सगळी केलेली आहे. खात्यात डिपॉझिट लिमिट लावा, कमी केलं तर लगेच लागू होतं, वाढवायचं तर थांबावं लागतं. अगदीच हाताबाहेर गेलं तर गॅमस्टॉपवर नाव टाकायचं, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं, लायसन्सवाल्या सगळ्या साइट्स एकदम बंद. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने बेट लावता येत नाही. हे वॉलपेपर वगैरे कशाला, सिस्टिम वापरा.

जिरावण_मारके:
सिस्टिम लीड्सला आहे, माणूस इंदूरच्या रामबागेत आहे. इथे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा पास केला, मोठमोठ्या फॅन्टसी ॲप्सनी पैशांचे कॉन्टेस्ट गुंडाळले. आता उरले व्हॉट्सॲपवाले. त्यांच्याकडे कसलं डिपॉझिट लिमिट.

लीड्सवाला_इंदोरी:
म्हणजे बंदी घालून काय मिळवलं? लोक आणखी काळोखात गेले ना.

हिशोबनीस:
मग काय, जाहिराती बघत पोरं बरबाद होत होती ते बरं होतं? त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. नीट वाचा आधी.

जिरावण_मारके:
तुमचं नंतर भांडा. @रामबाग, आयडीत पैसे आधी टाकता की उधारीवर?

रामबागचा_पोरगा:
उधारीच असते, सगळ्यांची तशीच असते ना? तो लिमिट देतो, सोमवारी हिशोब. मला ५० ची आहे.

जिरावण_मारके:
५० हजार?? आणि तुम्ही ३ चं लिमिट वॉलपेपरवर लावलंय.

सातचा_पाढा:
ट्रिक विचारलीये ना, मग घ्या. ५०० पासून सुरू करा, हरलात की डबल, हरलात की डबल. जिंकलात की परत ५०० वर. एकदा तर जिंकणारच माणूस. मी दोन सीझन हेच केलंय.

गणिताच्या_बाई:
सातचा पाढा म्हणा बघू. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सलग सात हरलं की गेले ६३,५००, आणि आठवा डाव ६४ हजाराचा. हे सगळं कशासाठी, तर ५०० सुटावेत म्हणून. नाणं उडवलं तरी सलग सात उलटे १२८ मध्ये एकदा पडतातच, आणि सीझनभरात तुम्ही किती डाव लावता? शिवाय भाव कधी बरोबरीचा नसतो.

सातचा_पाढा:
बाई, थिअरी वेगळी, मैदान वेगळं.

गणिताच्या_बाई:
तिसरा सीझन का नाही खेळलात मग?

सातचा_पाढा:
घरी लग्न होतं.

होळकर_टीमचे_आजोबा:
क्रिकेटवर पैसे लावणाऱ्यांनी आधी क्रिकेट बघावं. होळकर टीमने रणजी चारदा जिंकली आहे, १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत. सी.के. नायडूंचं इंदूर आहे हे. आमचे वडील सायकलवर मॅच बघायला जायचे, डब्यात पोळीचा लाडू. आणि २०२२ ला चंद्रकांत पंडित कोच असताना मध्य प्रदेशने मुंबईला फायनलमध्ये हरवलं, तेव्हा इथल्या मराठी घरांत कोणाकडून ओरडावं तेच कळेना.

जिरावण_मारके:
आजोबा 🙏 आमच्याकडे तर टीव्हीच बंद केला होता.

रामबागचा_पोरगा:
धागा माझा आहे मंडळी. बरं खरं सांगतो, सुरुवात आयपीएलच्या फायनलला झाली, ३ जून २०२५. आपला रजत पाटीदार कॅप्टन म्हणून बंगळुरूवर लावले, मित्राच्या आयडीवरून. शेवटच्या ओव्हरला पंजाबला २९ हवे होते आणि शशांक सिंह धुवायला लागला, मी गॅलरीत फोन घेऊन उभा, आत आई भाकरी करतेय, हाक मारतेय जेवायला, मला ऐकू येतंय पण तोंडातून आवाज निघत नाहीये. ६ रनने जिंकले. १२ हजार आले. दुसऱ्या दिवशी स्वतःची आयडी घेतली. आता मॅचवर लावतच नाही, फक्त सेशन, म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होतील त्यावर. सेशनमध्ये अंदाज बरोबर येतो माझा पण नशीबच खराब, परवा सहा ओव्हरचं ५० ला येस केलं, ४९ वर थांबलं. शेवटच्या बॉलला सिंगल होती, घेतलीच नाही त्यांनी.

भूतपूर्व_पंटर:
नशीब नाही मित्रा. बुकीने सेशन ४८-५० दिलं असेल ना? येसवाल्याला ५० किंवा वर पाहिजे, नॉटवाल्याला ४७ किंवा खाली. ४८ आणि ४९ ला दोघेही हरतात आणि पैसे बुकीच्या खिशात. तू ४९ ला हळहळतोस, तिकडे नॉट केलेला पण हळहळतोय. मी चार वर्षं हे केलंय, मॅचपेक्षा सेशन वाईट, कारण दर दहा मिनिटांनी एक निकाल लागतो आणि हरलेलं भरून काढायला पुढचं सेशन समोर उभंच असतं.

रामबागचा_पोरगा:
हे असं कधी बघितलं नव्हतं.

गणिताच्या_बाई:
पैसे तुमचेच आहेत ना, की कोणाचे आहेत?

रामबागचा_पोरगा:
माझेच. बीसी (भिशी) उठली माझी या वेळी.

गणिताच्या_बाई:
कितीची, कितवा महिना?

रामबागचा_पोरगा:
२० जणांची ५-५ हजाराची. चौथा महिना.

गणिताच्या_बाई:
म्हणजे हातात १ लाख आले आणि १६ हप्ते, ८० हजार, अजून भरायचे आहेत. ते तुमचे कसे झाले? त्यात कॉलनीतल्या बायका असतील, माझ्या बीसीत आहेत तशा.

वकील_लोकमान्यनगर:
एक कायद्याची बाजू. करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल असतो. हरलेले पैसे तो कोर्टात जाऊन वसूल करू शकत नाही.

भूतपूर्व_पंटर:
वकीलसाहेब, तो कोर्टात जात नाही. दुकानावर येतो आणि चहा पीत बसतो, गिऱ्हाइकांसमोर. आणि तेच कलम आपल्यालाही लागतं, जिंकलेले त्याने दिले नाहीत तर आपण कुठे जाणार?

लीड्सवाला_इंदोरी:
म्हणूनच म्हणतो लायसन्स...

जिरावण_मारके:
झालं सुरू.

भूतपूर्व_पंटर:
@रामबाग, तू ट्रिक मागितलीस तर माझी ही. उधारी बंद, जे रोख आहे तेवढंच. त्याला आत्ता मेसेज कर की लिमिट ५० वरून ३ कर. आणि त्याचं उत्तर इथे टाक.

रामबागचा_पोरगा:
केला.

रामबागचा_पोरगा:
उत्तर आलं. "भाई आप पुराने ग्राहक हो, शनिवार के लिए १ लाख कर दिया 👍"

होळकर_टीमचे_आजोबा:
हा अंगठा कसा काढतात फोनवर?

जिरावण_मारके:
@रामबाग, नंबर ब्लॉक करा राव.

रामबागचा_पोरगा:
सोमवारी हिशोब आहे, ब्लॉक कसा करू.

गणिताच्या_बाई:
सोमवारचं देणं किती आहे? एवढ्या वेळात तेवढंच सांगितलं नाहीत.

रामबागचा_पोरगा:
३८.

गणिताच्या_बाई:
हजार?

रामबागचा_पोरगा:
हो हजारच. बीसीतले ४१ उरलेत. शनिवारी थोडं रिकव्हर झालं की देऊन टाकणार होतो.

भूतपूर्व_पंटर:
शनिवारी नाही. मीही प्रत्येक शनिवारी हेच म्हणायचो. त्या झटपट लोनच्या ॲपवर जाऊ नकोस, मी गेलो होतो. १४४१६ ला फोन कर, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, हिंदीतही बोलतात, मी केला होता, लाज वाटली पहिली पाच मिनिटं. मोठा भाऊ वगैरे आहे का कोणी?

रामबागचा_पोरगा:
भाऊ पुण्याला. मामा आहेत, सराफ्यात.

भूतपूर्व_पंटर:
मग सोमवारी हिशोबाला मामांना घेऊन जा. एकटा गेलास तर आयडी चालू ठेवूनच परत येशील.

सातचा_पाढा:
मला पण तो नंबर परत एकदा लिहा, वर शोधायला वेळ लागतोय.

भूतपूर्व_पंटर:
१४४१६

रामबागचा_पोरगा:
मामा नऊला दुकान उघडतात. बघतो.