जॅमर नको, उजेडाचं बघा
नाटक चालू असताना मोबाइल वाजू नयेत म्हणून नाट्यगृहांत जॅमर (मोबाइलचं नेटवर्क अडवणारं यंत्र) बसवा, असं कुणीतरी म्हटलंय. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे, आणि प्रेक्षकांत ड्युटीवरचा डॉक्टर असला तर? पणजीच्या कला अकादमीत किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात घोषणा झाली की रिंगटोन बहुतेक बंद होतात. खरा ताप उजेडाचा. अंधारात पुढचा माणूस व्हॉट्सॲप उघडतो आणि मागच्या दोन रांगा त्याचे मेसेज वाचतात!

जत्रेतल्या नाटकाचं वेगळं. देवळापुढच्या मांडवात पोरं रडत असतात, खाज्याच्या पुड्या सुटत असतात, तिथे एखादी रिंग खपून जाते. पण भाच्याची एन्ट्री शूट करायला रंगमंचाला टेकून उभे राहणारे काका? त्यांना मंडळाच्या पोरांनी सरळ हात धरून खाली बसवावं.