जिम सायमन्सना चाळिशीत प्राध्यापकी सोडून हेज फंड जमलं कसं?

गणितवेडी:
मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. परवा एका पोराने विचारलं, मॅडम गणितात पैसा आहे का, आणि माझ्या तोंडून पटकन अमेरिकन गणितज्ञ जिम सायमन्स निघालं, पण पुढे नीट सांगता येईना. १९७४ ला गणितज्ञ चर्नसोबतचा पेपर, १९७६ ला भूमितीचं मानाचं व्हेब्लेन प्राइझ, न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात गणिताचे हेड, आणि १९७८ ला सगळं सोडून ट्रेडिंग, पुढे हेज फंड, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे बाजारात लावणारा फंड. काही फॉर्म्युला सापडला होता का?

लाँगशॉट:
फॉर्म्युला नाही हो मॅडम, पहिली दहा वर्षं तर धडपडच होती. त्याआधी ते प्रिन्स्टनला सरकारसाठी कोड फोडायचे, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर बोलले म्हणून ती नोकरी गेली, पण गोंगाटातून पॅटर्न शोधायची सवय तिथलीच आणि गणितज्ञ लेनी बाऊमही तिथेच भेटला, त्यालाच पुढे सोबत घेतलं. सुरुवातीला दोघं बातम्या बघून अंदाजानेच करन्सी घ्यायचे-विकायचे. आणि डेटा म्हणाल तर कॉम्प्युटरवर नव्हताच, फेडरल रिझर्व्हमध्ये (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) माणूस पाठवून व्याजदरांचे जुने आकडे हाताने उतरवून आणले, मला तर ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. त्यांचा मुख्य फंड मेडॅलियन १९८८ चा, १९८९ ला तो इतका पडला की ट्रेडिंग थांबवलं, मग गणितज्ञ बर्लेकँपने सिस्टीम नव्याने बसवली, सौदे थोड्या दिवसांचे केले आणि तिथून गाडी रुळावर आली.

कोडवाला_पुणे:
मी अल्गो ट्रेडिंगमध्येच (कॉम्प्युटर प्रोग्रॅमने आपोआप सौदे) आहे म्हणून सांगतो, लोकांना वाटतं त्यांना बाजार कळला होता, तसं नाही, प्रत्येक सौद्यात निम्म्याहून किंचित जास्त वेळा बरोबर यायचं आणि असे लाखो सौदे करायचे, बस. १९८८ ते २०१८ मेडॅलियनचा परतावा फी कापण्याआधी वर्षाला सरासरी ६६ टक्के, फी कापून ३९, कारण फीच ५ टक्के आणि वर नफ्यातला वाटा, जो पुढे ४४ टक्क्यांवर गेला! फंड मोठा झाला की आपल्याच खरेदीने भाव हलतो, म्हणून १९९३ ला नवे गुंतवणूकदार घेणं बंद केलं आणि नंतर बाहेरच्यांचे पैसे परत करून फक्त कर्मचाऱ्यांचे ठेवले. बाहेरच्यांसाठी जो वेगळा फंड काढला तो २०२० ला तोट्यात आणि मेडॅलियन त्याच वर्षी जोरात, मला हे पटत नाही.

सरळमार्गी:
टॅक्सचंही सांगा पोरांना. बँकांकडून ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे व्यवहार करायचा हक्क) घेऊन थोड्या दिवसांच्या सौद्यांचा नफा दीर्घ मुदतीचा दाखवला, म्हणजे टॅक्स कमी. २०२१ ला तडजोड झाली, ७ अब्ज डॉलरपर्यंत भरायचं ठरलं. माणूस मोठाच, २०२३ ला स्टोनी ब्रूकला ५० कोटी डॉलर त्यांच्या फाउंडेशनने दिले, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतही त्यांच्या नावाचं सेंटर आहे, पण झाकून ठेवू नये.

गणितवेडी:
दोन्ही सांगते, मनापासून थँक्स. एक राहिलं, १९९३ ला सायमन्सच्या कंपनीत आयबीएमचे ब्राऊन आणि मर्सर आले ते तर बोलणं ओळखणाऱ्या कॉम्प्युटरवर काम करायचे ना, त्यांचा बाजाराशी काय संबंध?

कोडवाला_पुणे:
आवाज ऐकून आत दडलेला शब्द ओळखायचा, तसं भाव बघून आत दडलेली बाजाराची स्थिती ओळखायची. गणित तेच, आणि आयबीएमवाले यासाठी बाऊम-वेल्च नावाची जी पद्धत वापरायचे त्यातला बाऊम म्हणजे वरचा लेनी बाऊमच.