कॉलेजचा क्वार्टरबॅक बघताना नेमकं बघायचं काय?

टॉवेलवाला
मालक लोकहो, नमस्कार. अक्कलकोट रोडला टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात कामाला आहे. आमचा एक बायर क्लीव्हलँडचा. रात्री कॉलवर आला की जीएसएम, शेड, कंटेनर कधी लागणार हे झटक्यात उरकतो आणि ब्राउन्सवर (तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम) सुरू होतो. आधी मी नुसतं हो हो करायचो. मग एकदा त्यानं यादीच ऐकवली, ड्राफ्टमध्ये (टीमा कॉलेजची पोरं पाळीपाळीनं निवडतात तो) ब्राउन्सनं घेतलेल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य गड्यांची. १९९९ ला टिम काउच, पहिल्या नंबरवर. २००७ ला ब्रेडी क्विन, २२ वा. २०१२ ला ब्रँडन वीडन, २२ वा (गडी तेव्हा २८ वर्षांचा, आधी बेसबॉल खेळून आलेला). २०१४ ला जॉनी मॅन्झील, परत २२ वा. एकालाही तिथं जम बसला नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. एवढे स्काउट, एवढा पैसा, तरी चुकतं कसं? मी यूट्यूबवर हायलाइट बघतो, तर सगळीच पोरं देव वाटतात. सत्तर टक्के पास पूर्ण, चाळीस टचडाउन, आणि एनएफएलमध्ये (वरची व्यावसायिक लीग) दोन वर्षांत बाकावर. आकड्यांवरून कळत नसेल तर बघायचं काय? खेळ मला कळतो, म्हणजे चार डाउन, दहा यार्ड (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं), इतपत. त्या हिशोबानं सांगा.

सातरस्ता_लबक
पहिलं काम, हायलाइट बंद कर. त्यात फसलेला पास दाखवत नाहीत, आणि शिकायला तोच लागतो.

मी एमएसला टेक्सासात लबकला होतो, टेक्सास टेकला. पुढं एनएफएलमध्ये गाजलेला पॅट्रिक माहोम्स तेव्हा तिथंच खेळायचा. २२ ऑक्टोबर २०१६ ला ओक्लाहोमाची टीम आली होती. तिथं किकऑफला (सामना सुरू होताना) विद्यार्थी मैदानात टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, भिरकावायचे. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, अन्न फेकतात होय रे, कसली शिकलेली माणसं ती. असो. त्या रात्री माहोम्सनं ८८ पास टाकले, ५२ पूर्ण, ७३४ यार्ड. समोर ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड, ५४५ यार्ड आणि ७ टचडाउन. आम्ही ५९-६६ नं हरलो. दोन्ही टीमचे एकूण यार्ड बरोब्बर सारखे, ८५४ आणि ८५४.

आता गंमत बघ. एवढं करूनही जाणकार माहोम्सवर नाकं मुरडत होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. टेकची पद्धत म्हणजे एअर रेड, पासावर पास, आकडे कुणाचेही फुगणार. २००३ ला त्याच टेकच्या बी. जे. सायमन्सनं एका हंगामात ५,८३३ यार्ड काढले होते. ड्राफ्टमध्ये गेला सातव्या फेरीत, आणि वरती त्याचं काही झालं नाही. ड्रेस तोच, पद्धत तीच, ढिगानं यार्डही तसेच. मग फरक कुठं होता?

माझी रीत अशी आहे. कॉलेजच्या नियमांनी पोराला जे फुकट दिलंय ते वजा करायचं, आणि उरतं ते बघायचं.

हॅश मार्क घे, म्हणजे मैदानावरच्या त्या दोन खुणांच्या रांगा, ज्यांच्या आतूनच चाल सुरू होते. कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. मैदान दोन्हीकडं १६० फूटच रुंद. म्हणजे कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका अंगाला ६० फूट आणि दुसऱ्या अंगाला १०० फूट मोकळं रान. तिकडं तीन रिसीव्हर (पास झेलणारे) पसरवले की डिफेन्सची तारांबळ उडते, आणि कोण कुणाला धरणार हे पोराला स्नॅपआधीच (चेंडू मागं देऊन चाल सुरू होण्याआधी) दिसतं. वरच्या लीगमध्ये चेंडू जवळपास मधोमध असतो. तिथं डिफेन्सला सोंग घेता येतं, स्नॅपआधी एक दाखवायचं आणि स्नॅप झाला की दुसरंच करायचं. म्हणून ज्या पासात पोरानं पहिला विचार सोडून दुसरा धरला, असे पास शोधून काढ. काहींच्या अख्ख्या सामन्यात असे दोनसुद्धा सापडत नाहीत. पहिला माणूस मोकळा नाही की पळ काढला, संपलं.

दुसरं, पास उडण्याआधी कॉलेजात लाइनमन (क्वार्टरबॅकसमोर भिंत करणारे) ३ यार्ड पुढं जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. दोन यार्डांनी काय होतं असं वाटेल. पण तेवढ्यात समोरच्या लाइनबॅकरला (लाइनीमागं उभा असलेला डिफेन्सचा गडी) वाटतं की ही पळायची चाल आहे, तो पुढं येतो, आणि त्याच्या मागं भोक पडतं. त्या भोकातले पास वजा. स्नॅप झाला की लगेच आडवा दिलेला स्क्रीनही वजा, त्यातले यार्ड रिसीव्हरच्या पायाचे. तिसरं, कॉलेजात रिसीव्हरचा एक पाय आत पडला तरी कॅच धरतात, वरती दोन्ही लागतात. तेव्हा साइडलाइनचे पास बघताना तोच नियम लावून बघ.

आता राहिलं काय? थर्ड डाउन, आठ-नऊ यार्ड हवेत, आणि डावीकडचा लाइनमन मार खातोय. इथं व्हिडिओ थांबव. पास कुठं गेला ते नंतर बघू. आधी त्याचं हेल्मेट बघ, लांब रिसीव्हरकडं आहे का अंगावर येणाऱ्या माणसाकडं वळलंय? मग पाय बघ. एक पाऊल पुढं टाकून पॉकेटमध्येच (लाइनमननी राखलेली जागा) वाट काढतो, का मागं मागं सरकत स्वतःच्या टॅकलच्या (लाइनीच्या टोकाचा लाइनमन) अंगावर संकट ओढवून घेतो? माहोम्सचे पाय तेव्हा काही पुस्तकातले नव्हते, भलत्याच कोनातून टाकायचा, पण गर्दीत डोळे कधी खाली गेले नाहीत. आम्ही स्टँडमधून ओरडायचो, टाक बाबा टाक, आणि हा पळता पळताही लांबच बघत असायचा.

मला विचारशील तर डोळे आणि पाय. हाताची ताकद नंतर.

कडकभाकरी
हात कुठं राहिला? इथं लोक पंजा मोजून निकाल लावतात. २०२२ ला केनी पिकेटचा पंजा साडेआठ इंच भरला तर केवढा गोंधळ झाला होता 😄

सातरस्ता_लबक
@कडकभाकरी थंडीत ओल्या चेंडूवर पकड लागते म्हणून मोजतात, अगदीच खूळ नाही. पण जो बरोचा पंजा ९ इंच होता, तरी २०२० ला पहिला गेला आणि टीमला सुपर बोलपर्यंत (लीगचा अंतिम सामना) नेलं. आणि त्याच २०२२ मध्ये पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक एकटा पिकेट, २० वा. ब्रॉक पर्डी गेला अगदी शेवटचा, २६२ वा. पुढं टीमला सुपर बोलपर्यंत नेलं कुणी?

वर्षा_जुळे सोलापूर
पर्डीचं नाव निघालंच आहे तर एक मुद्दा. सुरुवातीपासून किती सामने खेळला ते बघा. पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं खेळून आला होता. जेडन डॅनियल्स ५५ सामने, बो निक्स ६१. उलट २०१७ ला ट्रुबिस्कीचे फक्त १३, आणि शिकागोनं त्याला दुसऱ्या नंबरवर घेतलं, माहोम्सच्या आठ जागा आधी. कमी सामने म्हणजे तुम्ही वर म्हणता ते थर्ड डाउनसुद्धा कमी. बघायला मालच नाही तर पारखणार काय?

पण हा नियम डोळे झाकून लावू नका. कॅम न्यूटनचा ऑबर्नला एकच हंगाम, १४ सामने. २०११ ला पहिला गेला आणि २०१५ ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. आणि सामने वाढले की वयही वाढतं. तेविशीचा गडी एकोणिसाच्या पोरांना भारी पडला यात नवल ते काय?

शेंगाचटणी
सगळं खरं बे, पण जोश ॲलनचं काय? वायोमिंगला ५६ टक्के पास पूर्ण. २०१८ ला सातव्या नंबरवर घेतला तेव्हा लोक हसले होते. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, २०२० ला ६९.२, आणि २०२४ चा एमव्हीपी. तुझ्या वजाबाकीत तो केव्हाच गळाला असता की! उगाच मोठं मोठं सांगतोय. हात आणि अंग देवानं दिलं असेल तर बाकीचं शिकवता येतं.

सातरस्ता_लबक
@शेंगाचटणी गळाला नसता. वायोमिंगमध्ये त्याला फुकट मिळालेलंच थोडं होतं. आडवे स्क्रीन कमी, लांबचे पास जास्त, त्यामुळं टक्केवारी पडलेली. लांबच्या हॅशवरून उलट्या साइडलाइनला सरळ रेषेत चेंडू मारणारे फार नसतात, तो मारायचा. वजा करूनही शिल्लक राहत होती. चुकायचा ते बहुतेक पायांमुळं, आणि ते दुरुस्त होण्याजोगं होतं.

पण ६९ टक्क्यांपर्यंत जाईल हे कुणालाच सांगता आलं नसतं, मान्य. तिथं पोरापेक्षा टीम जास्त बघावी लागते. बफेलोनं ॲलनवर धीर धरला, २०२० ला स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. माहोम्ससाठी कॅन्सस सिटीनं २७ व्या जागेसोबत तिसऱ्या फेरीचा पिक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक दिला, १० व्या जागेवर चढले, आणि एवढं मोजून त्याला जुन्या क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागं वर्षभर बसवला. शेवटचा एक सामना तेवढा दिला. तोच पोरगा पहिल्या रविवारपासून फुटक्या लाइनमागं उभा केला असता तर आज आपण काय बोलत असतो, कुणास ठाऊक. हात देवानं दिला की बाकी शिकवता येतं, हेच जामार्कस रसेलबद्दल म्हणत होते. २००७ चा पहिला पिक, हात तर तोफ होता. २००९ च्या हंगामानंतर लीगमध्ये दिसला नाही.

टॉवेलवाला
लई भारी मालक, वर्षाताई तुम्हालाही धन्यवाद. काल रात्री बायरला हॅशचं सांगितलं तर गडी गप्प झाला. मग म्हणाला, २०२५ ला आम्ही एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक घेतले, डिलन गॅब्रिएल तिसऱ्या फेरीत ९४ वा आणि शेडूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४ वा. सँडर्सचे कॉलेजच्या शेवटच्या हंगामात ७४ टक्के पास पूर्ण, मग एवढा खाली का घसरला, हे तुझ्या सोलापूरच्या तज्ज्ञाला विचार. विचारू का, का अंगाशी येईल?

सातरस्ता_लबक
विचार की, त्यात काय. त्याच्या ७४ टक्क्यांच्या शेजारी दुसरा आकडा मांडून ठेव. कोलोरॅडोत दोन हंगामांत ९४ सॅक (पास टाकण्याआधीच पाडला). सॅक झाला की तो पास टक्केवारीत धरतच नाहीत, म्हणून ७४ चकचकीत दिसतात. आता कोलोरॅडोची लाइन खराब होती हेही खरं. तेव्हा २०२४ चे त्याचे दोन पूर्ण सामने घे, नेब्रास्काविरुद्ध हरले तो आणि मनाला येईल तो जिंकलेला एक. प्रत्येक सॅकला व्हिडिओ मागं घेऊन बघ, लाइनमन पहिल्या झटक्यात हरला का चेंडू ह्यानंच धरून ठेवला. वहीत दोन रकाने कर, डावा लाइनमनच्या चुकीचा, उजवा ह्याच्या. उजवा रकाना भरला तर बायरला सांग, तुमच्या लोकांनी १४४ पर्यंत थांबून बरं केलं. डावा भरला तर म्हण, आधी लाइन घ्या.

आणि ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडं शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. गुरुवारी रात्री जागत बसू नको.